बायोमेडिकल सायन्स : डॉक्टर न होताही वैद्यकीय क्षेत्रात जाण्याचा मार्ग

बारावी सायन्सला बायोलॉजी घेतलेल्या आपल्या मुलामुलींच्या घरात दरवर्षी जून महिन्यात एकच प्रश्न असतो : नीटमध्ये किती मार्क पडले? २०२४ साली देशभरात २३ लाखांहून जास्त विद्यार्थी नीटला बसले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या निम्म्याच्या आसपास जागा खासगी महाविद्यालयांतल्या, ज्यांची फी रोजंदारीवर किंवा छोट्या नोकरीवर चालणाऱ्या घराच्या आवाक्याबाहेर असते. आरक्षण असूनही बहुसंख्य मुलांना एमबीबीएस मिळत नाही. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नसून जागांचा हिशेबच तसा आहे.

वस्त्यांमध्ये आणि अभ्यासिकांमध्ये शैक्षणिक मार्गदर्शनाचे काम करताना आम्हाला तीच ती चित्रे दिसतात. कोणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नीट देतो. कोणी कर्ज काढून परदेशात एमबीबीएसला जातो. कोणी निराश होऊन मिळेल त्या बी.एस्सी.ला नाव घालतो आणि पुढे काय करायचे ते ठरवतच नाही. या सगळ्यांपुढे आणखी एक मार्ग असतो, पण त्याची माहिती फार कमी घरांपर्यंत पोहोचते. तो म्हणजे बायोमेडिकल सायन्स. हा अभ्यासक्रम नक्की काय आहे, तो कुठे शिकता येतो, पैशांची व्यवस्था कशी होते, पुढे कोणते काम मिळते आणि कोणते मिळत नाही, हे एका ठिकाणी सांगण्यासाठी हा लेख.

बायोमेडिकल सायन्स म्हणजे काय?

डॉक्टर रुग्णावर उपचार करतो. आजार का होतो, तो कोणत्या चाचणीत सापडतो आणि कोणत्या औषधाने आटोक्यात येतो, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे बायोमेडिकल सायन्स. शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, जनुकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय यात एकत्र शिकवले जातात.

आपल्या जवळचा एक आजार घेतला की हे नीट समजेल. सिकलसेल हा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. विदर्भात तो पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आढळतो, म्हणजे आपल्या अनेक बौद्ध कुटुंबांत तो आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच हा बदल. हे जैवरसायनशास्त्र झाले. त्या बदलामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. हे शरीरक्रियाशास्त्र आणि विकृतिशास्त्र. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे जनुकशास्त्र. आधी विद्राव्यता चाचणी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करायची, हे निदानशास्त्र. हायड्रॉक्सियुरियाने वेदनांचे झटके कमी होतात, हे औषधशास्त्र. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेने या आजारावर जनुक-संपादनाच्या उपचाराला मंजुरी दिली, हे संशोधन.

एका आजारात एवढे विषय येतात आणि प्रत्येक टप्प्यावर माणसे काम करत असतात. त्यातली बरीच माणसे डॉक्टर नसतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी किट बनवणारे, त्यांची गुणवत्ता तपासणारे, माहिती संकलित करणारे आणि कुटुंबांना समजावणारे लोक लागतात.

नावात गफलत होऊ देऊ नका

प्रवेशाच्या काळात सारख्या नावांमुळे मुले फसतात. तीन अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत, हे लक्षात ठेवा.

- बायोमेडिकल सायन्स : आजार आणि शरीराचे मूलभूत शास्त्र. बारावीला बायोलॉजी लागते. पुढचा मुख्य मार्ग एम.एस्सी. आणि संशोधनाचा.
- बायोमेडिकल इंजिनिअरिंग : व्हेंटिलेटर, एमआरआय, कृत्रिम अवयव अशा उपकरणांचे तंत्रज्ञान. ही अभियांत्रिकीची पदवी असल्याने बारावीला गणित लागते.
- मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी (बीएमएलटी, डीएमएलटी) : रुग्णालयाच्या लॅबमध्ये नमुने तपासण्याचे प्रशिक्षण. लवकर नोकरी हवी असेल त्याला हा मार्ग जास्त सोयीचा. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात या व्यवसायाची नोंदणी येते.

बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स करून भारतात स्वतःची पॅथॉलॉजी लॅब उघडता येते आणि अहवालावर सही करता येते, असे एका खासगी संस्थेचा माणूस पालकांना सांगत असल्याचे आम्ही ऐकले आहे. तसे होत नाही. या पदवीने तो अधिकार मिळत नाही. फी भरण्याआधी एवढे तरी लक्षात ठेवा.

कुठे शिकता येते?

या नावाची पदवी भारतात मोजक्या ठिकाणी आहे. दिल्ली विद्यापीठात बी.एस्सी. (ऑनर्स) बायोमेडिकल सायन्स हा अभ्यासक्रम आचार्य नरेंद्र देव कॉलेज, भास्कराचार्य कॉलेज ऑफ अप्लाइड सायन्सेस आणि मुलींसाठीचे शहीद राजगुरू कॉलेज ऑफ अप्लाइड सायन्सेस फॉर विमेन येथे चालतो. प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. भाषेसोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे पेपर द्यावे लागतात. नीटसाठी केलेला अभ्यास इथे वाया जात नाही. पण सीयूईटीचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याआधीच भरायचा असतो. नीटचा निकाल लागल्यावर जागे झालो तर वर्ष जाते.

त्याच दिल्ली विद्यापीठात डॉ. बी. आर. आंबेडकर सेंटर फॉर बायोमेडिकल रिसर्च आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ साली ते स्थापन झाले. तिथे बायोमेडिकल सायन्समध्ये एम.एस्सी. आणि पीएच.डी. होते. बाबासाहेबांच्या नावाची महाविद्यालये आणि वसतिगृहे आपल्याला माहीत असतात. त्यांच्या नावाने कर्करोग, जनुके आणि औषधे यांवर काम करणारी संशोधन संस्था आहे, हे मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

दिल्लीला जाणे शक्य नसेल तर महाराष्ट्रात बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा झूलॉजीत बी.एस्सी. करून पुढे याच क्षेत्रात येता येते. एम.एस्सी.च्या पातळीवर हे रस्ते एकत्र मिळतात. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही), जिथे २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा करण्यात आला, तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. व्हायरॉलॉजी शिकवली जाते. पुण्यातच पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र (एनसीसीएस) आहे, खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे आणि मुंबईत रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. पीएच.डी.साठी या संस्थांचा विचार जरूर करावा.

जातीचा दाखला : बौद्ध विद्यार्थ्यांनी इथे चूक करू नये

१९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण केंद्रीय संस्थांमध्ये केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ ही जात नाही. केवळ ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला घेऊन दिल्लीला गेलेल्या विद्यार्थ्याची जागा कागदपत्रांच्या तपासणीत अडकू शकते. दाखला तहसील किंवा सेतू कार्यालयातून आधीच करून घ्या.

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. आणखी एक गोष्ट : केंद्रीय विद्यापीठात महाराष्ट्रातला अनुसूचित जातीचा दाखला चालतो, पण दुसऱ्या राज्याच्या राज्य विद्यापीठात साधारणपणे आपल्याला खुल्या प्रवर्गातच धरले जाते.

पैशांची व्यवस्था

- मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असावे. ही शिष्यवृत्ती विद्यार्थ्याचे मूळ राज्य देते, त्यामुळे बाहेरच्या राज्यात शिकतानाही अर्ज महाराष्ट्राकडेच करायचा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर तिचा लाभ मिळत नाही.
- स्वाधार योजना : महाराष्ट्रात शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत.
- जेआरएफ : सीएसआयआर-यूजीसी नेटमधून लाइफ सायन्सेस विषयात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे मिळते.
- बार्टी आणि राष्ट्रीय फेलोशिप : अनुसूचित जातींच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, हे आपण पाहिले आहे. म्हणून एकाच योजनेवर विसंबून राहू नये.
- परदेशी शिक्षण : केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बी.एस्सी.साठी परदेशात पाठवतो म्हणणाऱ्या एजंटने या योजनांचे नाव घेतले तर सावध व्हा.

ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे. एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते लावता येत नाही. तिथली प्रत्येक एम.एस्सी. त्या नोंदणीपर्यंत नेत नाही. त्या विद्यापीठालाच लेखी विचारून मग निर्णय घ्यावा.

कोणती कामे मिळतात?

केवळ बी.एस्सी.वर मिळणारी कामे साधारण अशी : औषध व लस कंपन्यांतील गुणवत्ता तपासणी, निदान किट बनवणाऱ्या कंपन्यांत तांत्रिक सहाय्यक, औषधाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारे फार्माकोव्हिजिलन्सचे काम, क्लिनिकल ट्रायलमधली माहिती सांभाळण्याचे काम. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि चांगले इंग्रजी लेखन व संगणक यांची गरज पडते.

एम.एस्सी. नंतर दारे जास्त उघडतात : क्लिनिकल ट्रायलचे समन्वयन, जनुकीय चाचण्यांच्या लॅब, वैद्यकीय लेखन, जनुकीय समुपदेशनाचे पुढचे प्रशिक्षण, प्राध्यापकी. कायद्याची आवड असेल तर विज्ञान पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. पीएच.डी. नंतर शास्त्रज्ञ म्हणून आयसीएमआर, सीएसआयआर अशा संस्थांत किंवा उद्योगात जाता येते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केली तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एम.एस्सी.शिवायही पीएच.डी.साठी पात्र होता येते. अनुसूचित जातींना यात पाच टक्के सवलत आहे.

सरकारी भरतीबाबत मात्र डोळे उघडे ठेवा. जाहिरातीत पदवीचे नाव नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांची नावे आहेत, बायोमेडिकल सायन्सचे नाही. औषध निरीक्षकासाठी मुख्यतः फार्मसीची पदवी लागते. स्पर्धा परीक्षेतल्या तांत्रिक पदांवर डोळा असेल तर बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी हे नाव जास्त उपयोगी पडते.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये?

घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांत कमावते व्हायलाच हवे, तर आम्ही बीएमएलटी, नर्सिंग किंवा फार्मसी सुचवतो. त्यात कमीपणा काही नाही. पण पाच-सात वर्षे शिकण्याची तयारी असेल, प्रयोगात मन रमत असेल आणि शिष्यवृत्तीच्या आधाराने घर तग धरू शकत असेल, तर बायोमेडिकल सायन्स निश्चित घ्यावे. नीट हुकली म्हणून पडेल ते गळ्यात बांधून घेतले, या भावनेने मात्र येऊ नये. पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञांचा डोंगर वाटतो, विशेषतः मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना. दुसऱ्या सत्रापर्यंत तो बराच उतरतो. तोवर वर्ग सोडू नये, सीनिअर मुलांना विचारावे, ग्रंथालयात बसावे.

संघटनांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही आमचे सांगणे आहे. जयंतीला आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. त्याच कार्यक्रमात सीयूईटीच्या अर्जाची तारीख सांगा, केंद्रीय नमुन्यातला दाखला काढण्यासाठी एक दिवस शिबिर घ्या आणि वस्तीतला एखादा एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना पाच मिनिटे बोलू द्या. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा कला शाखेसोबत विज्ञान शाखाही सुरू केली होती. सिकलसेल आणि क्षयरोग आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांवर संशोधन होते तेव्हा आपण बहुधा रक्ताचा नमुना देणाऱ्यांच्या रांगेत असतो. सूक्ष्मदर्शकाच्या मागे बसणाऱ्यांत आपली मुले किती आहेत, हा प्रश्न प्रत्येक शाखेने आपल्या बैठकीत विचारावा आणि येत्या प्रवेशाच्या हंगामात किमान एका मुलाचा किंवा मुलीचा अर्ज भरून द्यावा.