वखार : वापर संपल्यावर वास्तूचं काय होतं?

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन दुर्ग दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी गलबतं पाठवूनही काम थांबलं नाही. २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. आपल्याला अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण ज्या व्यापारामुळे या समुद्राला एवढं मोल आलं, त्याच्या इमारती कुठे गेल्या? हे समजण्यासाठी याच किनाऱ्यानं दक्षिणेकडे, वेंगुर्ल्याला जाऊ. तिथे डचांची वखार आहे.

वखार म्हटलं की आज आपल्याला लाकडाची वखार आठवते. सतराव्या शतकात मात्र गोदाम, पेढी, राहण्याची जागा आणि वेळ पडली तर गढी, हे सगळं मिळून वखार होई. डचांनी १६३७ मध्ये आदिलशाहीच्या मुलखात वेंगुर्ल्याला ठाणं केलं. त्या काळात त्यांची जहाजं पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करत होती. त्यांना अन्नपाणी पुरवायला जवळचं बंदर हवंच होतं. म्हणजे व्यापार आणि युद्ध एकाच छपराखाली! जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंतींची ही दुमजली इमारत पाहिली की हे पटतं.

पुढे डच गेले. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे आलं आणि वखारीत सरकारी कचेऱ्या भरू लागल्या. जिथे मालाचा हिशेब होत होता, तिथे आता सरकारी दप्तरं आली. इमारत तीच, प्रयोजन वेगळं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅरिस्टॉटल वस्तूच्या कारणांमध्ये तिचं प्रयोजनही धरतो. वखारीचं प्रयोजन बदललं तेव्हा ती टिकली, प्रयोजनच उरलं नाही तेव्हा ढासळली. कचेऱ्या हलल्या, छप्पर गेलं, भिंतींत झाडांची मुळं शिरली. ती राज्य संरक्षित स्मारक आहे; पण कोकणात घराला माणूस लागतो. पावसाआधी कौलं परतणारं कुणी नसेल, तर नुसत्या फलकानं काय होणार?

म्हणून आपल्या गावातल्या जुन्या पेढ्या, दुकानं, गोदामं पडण्याआधीच त्यांना नवं काम देऊ या. वाचनालय चालेल, बचतगटाचं दुकानही चालेल. किल्ला आपल्याला लढणारे पूर्वज दाखवतो, वखार हिशेब ठेवणारे. दोघांचीही ओळख पुढच्या पिढीला हवी.