गंजाचे एकसारखे कण

ज्या घरांत संक्रांतीचा काटेरी हलवा होतो, तेथील गृहिणीला आजचा विषय निम्मा ठाऊक आहे. मंद आंचेवर तीळ परतीत त्यांवर पाक चमचा चमचा घालावयाचा. घाईनें ओतला, तर साखर वेगळीच जमून लहानमोठे खडे होतात. धातूंच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण घडविणाऱ्यांची अडचण नेमकी हीच होती.

लोखंडाच्या गंजाचेंच पाहूं. १८६१ च्या सुमारास टॉमस ग्रॅहॅम यानें लोह-ऑक्साइडाचा तांबूस द्रव सिद्ध केला. ‘कोलॉइड’ ही संज्ञाही त्याचीच. परंतु त्यांतील कण केवढे व्हावेत, हें ठरविणें त्याच्या हातीं नव्हतें.

पुढें १९५० सालीं कोलंबिया विद्यापीठांतील ला मेर व डिनेगर यांनीं त्यामागचें मर्म सांगितलें. त्यांचे प्रयोग गंधकावर होते, हें विसरूं नये. द्रावणांतील पदार्थ एका मर्यादेबाहेर सांचला कीं असंख्य बीजें एकाच वेळीं जन्मतात. त्यामुळें सांठा मर्यादेखालीं उतरतो आणि नवें बीज जन्मत नाहीं. पुढें केवळ वाढ. सारीं भावंडें एका वयाचीं, म्हणून एका उंचीचीं!

आकारमान असें कह्यांत येऊं लागलें. पण आकृतीचें काय? येथें मला एगॉन मातिएविच या क्रोएशियांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या चिकाटीचें विशेष कौतुक वाटतें. न्यूयॉर्क राज्यांतील क्लार्कसन येथें तो व त्याचे सहकारी फेरिक लवणांचीं विरल द्रावणें तापवीत बसत. लवण, आम्लता, उष्णतामान, काळ यांत किंचित् फेर करावा, तों कण कधीं गोल, कधीं घनाकृति, कधीं काडीसारखे होत. १९८४ सालीं ओझाकी, क्रातोहविल व मातिएविच यांनीं द्रावणांत चिमूटभर फॉस्फेट घातलें. तें स्फटिकाच्या कडेच्या पृष्ठांस चिकटून बसलें. रुंदी खुंटली, लांबी वाढत गेली आणि हेमॅटाइटचे चातीसारखे कण मिळाले. हे कण मात्र नॅनोमीटरांच्या मानानें थोराडच. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

एवढी यातायात कशासाठीं? मॅग्नेटाइटचा कण सुमारें २० नॅनोमीटरहून लहान असला, तर बाहेरचें चुंबक दूर होतांच त्याचें चुंबकत्व ओसरतें. बराच मोठा असला तर तें टिकतें, आणि कण एकमेकांस चिकटूं लागतात. एम. आर. आय. चित्रासाठीं रुग्णाच्या रक्तांत सोडावयाच्या द्रवांत असे गोळे होऊन कसें चालेल?

२००४ सालीं सोल येथील ह्यॉन यांच्या मंडळीनें लोह-ओलिएट हळूहळू ३२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १२ नॅनोमीटरचे एकसारखे कण एका खेपेस तब्बल ४० ग्रॅम काढले, तेही चाळणी न लावतां. द्रावक निराळ्या उत्कलनबिंदूचा घेतला कीं कण ५, ९, १६ किंवा २२ नॅनोमीटरचे होत. द्रावक जितक्या उशिरां उकळे, तितका कण मोठा.