सिग्नल केबिन : खटक्यांपासून संगणकापर्यंत

रेल्वे स्थानकाच्या टोकाला, रुळांपेक्षा उंचावर उभी असलेली रुंद खिडक्यांची दुमजली इमारत म्हणजे सिग्नल केबिन. तिच्या वरच्या मजल्यावर लोखंडी खटक्यांची रांग असे. केबिनमनने खटका ओढला की दांड्या व तारांच्या साहाय्याने दूरवरचा सांधा हले किंवा सिग्नलचा हात बदले. मात्र केबिनचे खरे मर्म खटक्यांना जोडलेल्या पट्ट्या व खाचांच्या रचनेत होते. सांधा योग्य दिशेला वळून पक्का झाल्याखेरीज त्या मार्गाच्या सिग्नलचा खटका हलतच नसे. परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी देणेही अशक्य होई. या रचनेला ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ साली तिचे पेटंट घेतले. माणसाची चूक यंत्राने रोखावी, हा तिचा हेतू.

इंदूरला रेल्वे आली ती होळकरांमुळे. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये दिले आणि १८७०च्या दशकात खांडवा–इंदूर हा मीटरगेज मार्ग उभा राहिला. अशा एकेरी मार्गांवर केबिनच्या जोडीला टोकनची पद्धत असे. दोन स्थानकांमधील टापूचे एका वेळी एकच टोकन यंत्रातून निघे. ते हाती आल्याखेरीज चालक गाडी पुढे नेत नसे. साहजिकच समोरून दुसरी गाडी येण्याची भीती उरत नसे. या जुन्या मार्गावरील पाताळपाणी–कालाकुंड घाटात डिसेंबर २०१८ पासून वारसा रेल्वे धावते.

पुढे खटक्यांची जागा विजेच्या रिलेंनी घेतली. एका दालनातून संपूर्ण जंक्शन चालवता येऊ लागले, पण जोखीमही तिथेच एकवटली. १७ जून २०१५ रोजी इटारसी जंक्शनची रिले केबिन आगीत भस्मसात झाली. उत्तर-दक्षिण आणि मुंबई-हावडा मार्ग येथे मिळतात. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेसही इटारसीवरूनच जाते. त्यामुळे शेकडो गाड्या रद्द झाल्या आणि यंत्रणा पूर्ववत होण्यास महिन्याहून अधिक काळ लागला.

इटारसीत यंत्रणा जळाल्याने वाहतूक खोळंबली. ओडिशातील बाहानगा बाजार येथे यंत्रणेने चुकीचा संकेत दिला. २ जून २०२३ रोजी मुख्य मार्गाचा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्स्प्रेस लूपलाइनवर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. या अपघातात २९० हून अधिक जणांचा बळी गेला. सिग्नलच्या जोडणीत झालेल्या चुका चौकशीत उघड झाल्या.

इंदूर मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. विजय नगर हे या मेट्रोच्या नियोजित मार्गावरील स्थानक आहे. तिथे खटके नसतील, केबिनमनही नसेल. गाड्यांचे नियंत्रण संगणक आणि रेडिओ संपर्क करतील. मार्ग सुरक्षित झाल्याशिवाय गाडीला वाट द्यायची नाही, हा जुन्या केबिनचा नियम मात्र तिथेही तसाच लागू राहील.