ताराबाई, अनुताई आणि गोदूताई : आपल्या जिल्ह्यातील नेतृत्वाच्या वाटा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘इतिहासाच्या बाई’ म्हणून काहीतरी लिहायला सांगितले. शाळेच्या आठवणी इतरांनी लिहिल्याच आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या आहेत. म्हणून मी आपल्याच भागातल्या तीन स्त्रियांबद्दल लिहायचे ठरवले. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुली पुढे कुठे ना कुठे जबाबदारीच्या जागेवर बसल्या. कोणी मुख्याध्यापिका, कोणी परिचारिकांची प्रमुख, एक तर दोन वेळा सरपंच. त्यांच्यापैकी बहुतेकींना एक सल्ला कधी ना कधी मिळालेला आहे : ‘बाई, जरा कडक व्हा, नाहीतर कोणी जुमानणार नाही.’ मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा तो मलाही मिळाला. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर पुढारीपणाचे एकच रूप होते : उंच खुर्ची, मोठा आवाज आणि समोर हात बांधून उभी असलेली माणसे.

इतिहास शिकवता शिकवता मला दिसले, की आपल्याच जिल्ह्यात, एकाच वर्षी, या रूपाला बाजूला ठेवणारी दोन मोठी कामे उभी राहिली. वर्ष १९४५. जिल्हा तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर. एक काम बोर्डीला सुरू झाले, दुसरे तलासरीजवळच्या झरीला. पहिले लहान मुलांच्या शिक्षणाचे, दुसरे वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याचे. दोन्हींच्या अग्रभागी स्त्रिया होत्या. त्यांची मते वेगळी होती, मार्ग वेगळे होते. तरी त्यांच्यात एक साम्य आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

आधी बोर्डी. ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचे वय ५३ होते. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई त्या काळात बी. ए. झालेल्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख होत्या. तिथली प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत बालशिक्षणाचे काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरी पद्धत आपल्याकडे रुजवण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभे केले. म्हणजे नाव, अनुभव, मान सगळे गाठीशी होते. त्या शहरात राहून व्याख्याने देत राहिल्या असत्या तरी त्यांचे नाव इतिहासात राहिलेच असते.

पण त्यांना एक प्रश्न सोडत नव्हता. मॉन्टेसरीची साधने महाग, ती वापरणारी बालमंदिरे शहरातली, आणि तिथे येणारी मुले बऱ्यापैकी घरची. खेड्यातल्या गरीब मुलाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. वय ३५. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या. तिथली स्थिर नोकरी सोडून त्या या अनोळखी गावी आल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या दलित वस्तीतली मुले येईनात. आता इथे थांबून विचार करा. आपण शिक्षकमंडळी अशा वेळी काय म्हणतो? ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही.’ हजेरीपट कोरा ठेवून अहवालात तसे लिहून टाकतो. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि वस्तीत नेली. एखाद्याच्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुले गोळा करायची, त्यांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, माती. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर लाखो ठिकाणी चालणाऱ्या उपक्रमाचे नाव असे आपल्या बोर्डीच्या अंगणातून आले आहे.

१९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे वारली मुले. इथे अडचण निराळी होती. सहा-सात वर्षांची मुले गुरे राखायला जात आणि जरा मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत. शाळेची घंटा कितीही जोरात वाजवली तरी गुरे सोडून मूल येणार कसे? तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली शिक्षक मुलांना मोजायला शिकवत आहेत, ही कुरणशाळा. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. याला विकासवाडी म्हणत. वाचताना सोपे वाटते, पण यामागची दृष्टी पाहा. मूल शाळेत का येत नाही याचे कारण मुलाच्या आळसात न शोधता त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधले. मग शाळेने आपले वेळापत्रक बदलले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवले आणि बालशिक्षणाच्या असंख्य कार्यकर्त्या तयार केल्या. ताराबाईंच्या सावलीत राहिलेल्या अनुताई असे कोणी म्हणते, ते मला पटत नाही. एकीने सुरू करायचे आणि दुसरीने ते तितक्याच ताकदीने पुढे न्यायचे, यासाठी पहिलीनेही दुसरीला वाढू द्यावे लागते. संस्थांच्या इतिहासात हे किती दुर्मीळ आहे ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपापल्या गावची एखादी संस्था आठवा, म्हणजे पटेल.

आता झरी. गोदावरी परुळेकर, पूर्वाश्रमीच्या गोखले, जन्म १९०७. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या. पुढे त्या आणि त्यांचे पती शामराव किसान सभेच्या कामात पडले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे आलेल्या वारल्यांकडून त्यांच्या भागातली परिस्थिती कळली आणि गोदूताई डहाणू, उंबरगावच्या जंगलपट्टीत फिरू लागल्या.

त्या काळी वारली हा जमीनदाराच्या आणि जंगल ठेकेदाराच्या पूर्ण ताब्यात होता. मजुरी न देता राबवून घेणे ही वेठ. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबणे ही लग्नगडीची पद्धत. मारहाण नित्याची. अशा ठिकाणी पुण्यामुंबईची एक शिकलेली बाई येऊन ‘तुम्ही उठा’ म्हणाली, तर कोण उठेल? गोदूताई पाड्यापाड्यावर पायी गेल्या, झोपड्यांत राहिल्या, मिळेल ते खाल्ले, वारल्यांची बोली समजून घेतली. हा सारा अनुभव त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

२३ मे १९४५ रोजी झरीला हजारो वारली जमले. तिथे ठरले, की यापुढे वेठ करायची नाही आणि रोज बारा आण्यांपेक्षा कमी मजुरीवर काम करायचे नाही. नंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. १० ऑक्टोबरला गोदूताईंच्या नावाने खोटा निरोप पसरवला गेला आणि तलवाड्याला प्रचंड जमाव गोळा झाला. पोलिसांनी गोळीबार केला, पाच वारली मारले गेले. त्यांतले जेठ्या गांगड हे नाव आजही त्या भागात आदराने घेतले जाते. मग परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले गेले.

सरकारचा हिशेब सरळ होता. पुढारी हलवले की चळवळ बसेल. पण ती बसली नाही. संप वारल्यांनी स्वतःच चालू ठेवला. पाड्यापाड्यावर निरोप नेणारे, सभा घेणारे, ठरलेल्या मजुरीवर ठाम राहणारे लोक त्यांच्यातूनच तयार झालेले होते. गोदूताईंच्या कामाची खरी कसोटी मला याच दिवसांत दिसते. त्या नसताना लोक काय करतात, ते या दिवसांनी दाखवले.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ताराबाई, अनुताईंनी अंगण शोधले, गोदूताईंनी पाडा. तिघींनी आधी स्वतःची जागा बदलली, मग लोकांना बदलायला सांगितले. आणि तिघींनीही काम अशा रीतीने उभे केले, की ते त्यांच्यावाचून चालावे. हा मऊपणा नव्हता. गोळीबार झालेल्या लढ्याला किंवा पन्नाशीनंतर नव्या गावी मांडलेल्या कामाला मऊ कोण म्हणेल? कडकपणा भरपूर होता. तो समोरच्या गरीब माणसावर न वापरता परिस्थितीवर वापरला, एवढेच.

हा गुण फक्त स्त्रियांचा आहे, असे मी म्हणणार नाही. गिजुभाई होते, शामराव होते, आपले स्वतःचे काही गुरुजीही तसेच होते. मात्र स्त्रियांच्या वाट्याला उंच खुर्ची सहसा येत नसे, त्यामुळे खुर्चीवाचून काम कसे करायचे हे त्यांना आधी शिकावे लागले. ती शिकवण खुर्ची मिळाल्यावरही टिकवायची की टाकून द्यायची, हा आजचा प्रश्न आहे. कारण आता खुर्ची मिळते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. आपली सरपंच झालेली मैत्रीण सांगते, की पहिली दोन वर्षे लोक सहीसाठी तिच्याकडे आणि निर्णयासाठी तिच्या नवऱ्याकडे येत. तिने आवाज चढवला नाही. तिने दर महिन्याला वेगवेगळ्या पाड्यावर, तिथल्या बायकांना पाणी भरून झाल्यावर जी वेळ सोयीची असेल त्या वेळी, बैठक घ्यायला सुरुवात केली. बायका बोलू लागल्या, कामांची यादी त्यांच्याकडून येऊ लागली, आणि मग निर्णयासाठीही लोक तिच्याकडेच येऊ लागले. तिने ताराबाईंचे चरित्र वाचलेले नाही. पण बोर्डीच्या अंगणातली युक्ती तिला बरोबर सापडली.

आपल्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलींसाठी माजी विद्यार्थ्यांनी काय करावे, यावर मेळाव्यात चर्चा होणार आहे. पंखे, संगणक, शिष्यवृत्ती हे सगळे हवेच. माझी सूचना एकच आहे. दर वर्षी नववीच्या मुलामुलींची एक सहल कोसबाडला आणि एक तलासरीला न्यावी. खर्च फार नाही, एका दिवसात परत येता येते. मुलांना वाटते इतिहास रायगडावर आणि दिल्लीत घडतो. तो आपल्या एसटीच्या रस्त्यावरही घडला आहे, आणि तो घडवणाऱ्यांत बाया होत्या, हे त्यांनी त्या वयातच पाहावे. गाडीची आणि बरोबर जाण्याची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. गुडघे कुरकुरतात, पण कोसबाडची टेकडी अजून चढता येते.