‘मूळ’ गाडी नेमकी कोणती?

जुनी जर्मन सेडान हौसेने पुन्हा उभी करणाऱ्यांत एक वाद ठरलेला असतो : गाडी कारखान्यातून निघाली तशीच राखावी, की तिच्यात सुधारणा कराव्यात? बीएमडब्ल्यू २००२ या गाडीपुरता तरी इतिहास दुसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलतो.

१९६६ मध्ये कंपनीने १६००-२ ही दोन दारांची छोटी सेडान आणली. इंजिन १५७३ सीसीचे. कंपनीतल्याच दोघांना ते अपुरे वाटले : इंजिनतज्ज्ञ आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन आणि नियोजन पाहणारे हेल्मुट व्हेर्नर ब्योन्श. दोघांनीही, एकमेकांना पत्ता न लागू देता, आपापल्या गाडीत दोन लिटरचे इंजिन बसवून घेतले. दोन्ही गाड्या एकाच वेळी वर्कशॉपमध्ये आल्या आणि गुपित फुटले! अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांनाही अधिक जोमदार गाडी हवी होतीच. १९६८ मध्ये १०० अश्वशक्तीची २००२ बाजारात आली.

या गाडीचा खरा शत्रू गंज. तळाचा आणि मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करण्यातच हौशी माणसाचे महिनोन्‌महिने जातात. त्यानंतर अनेकजण चार गिअरच्या जागी पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. महामार्गावर इंजिनची धाप कमी होते.

जर्मनीत १९९७ पासून किमान ३० वर्षे जुन्या, सुस्थितीतील गाड्यांच्या नंबरपाटीवर ऐतिहासिक वाहनाचे ‘एच’ अक्षर मिळते. तपासनीस तिथे सरसकट सगळे बदल नाकारत नाहीत. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत होऊ शकले असते, असे बदल मान्य होतात.