आधी कोण बाद झालं?

या वीकांताला कपाट आवरायचं ठरवलं होतं. त्याऐवजी दोन तास रोलर डर्बीचे व्हिडिओ बघत बसलो. :-)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाकांचे बूट घालून लंबगोल ट्रॅकवर खेळायचा हा अमेरिकन खेळ. लिओ सेल्ट्झर नावाच्या गृहस्थांनी १९३५ साली शिकागोत तो सुरू केला तेव्हा ती निव्वळ दमसासाची शर्यत होती. धक्काबुक्की आणि गुण नंतर आले. मधल्या काळात खेळ जवळजवळ विझला आणि २००१ च्या सुमारास टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी तो पुन्हा उभा केला. प्रत्येक संघाच्या पाच जणी ट्रॅकवर. त्यातल्या एकीच्या हेल्मेटवर चांदणी. तिने समोरच्या संघातल्या जणींना मागे टाकलं की गुण. एक डाव फार तर दोन मिनिटांचा, मग पुढच्या पाच जणी. नियम मोडला की तीस सेकंद बाहेर खुर्चीवर बसायचं, आणि अशा सात चुका झाल्या की त्या सामन्यापुरती सुट्टी.

मला मात्र खेळणाऱ्यांपेक्षा कागद घेऊन उभी असलेली माणसं जास्त आवडली. एक जण फक्त लिहितोय, या डावात कोणत्या पाच जणी उतरल्या. दुसऱ्याकडे कोणाची कितवी चूक त्याचा हिशोब. खुर्च्यांपाशी आणखी एक जण, हातात स्टॉपवॉच. ते बघताना मला एकदम आमच्या नामपूरकडची कबड्डी आठवली, आणि माझ्या हातातली दोनशे पानी वही.

तर आज त्या वहीबद्दल. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण ती वही कबड्डीत पहिल्यापासून नव्हती.

आपल्याकडे जुने लोक हुतुतू म्हणायचे तो खेळ देशभर वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळला जायचा. त्यातल्या तीन मुख्य. 'अमर' कबड्डीत बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. समोरच्याला गुण मिळतो, हा तिथेच उभा. 'गामिनी'त उलट. बाद झाला की बाहेर, आणि सगळा संघ बाद होईपर्यंत परत यायचं नाही. तिसरी 'संजीवनी'. समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. १९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियमांचा एक साचा तयार झाला. १९२३ साली समिती नेमून त्यात सुधारणा झाल्या आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांवर स्पर्धाही झाली. पुढे १९५० साली अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झालं. आज आपण टीव्हीवर जी कबड्डी बघतो ती बरीचशी संजीवनीच्या वळणाची.

आता हे जरा आपल्या धंद्याच्या नजरेने बघा. अमर कबड्डीत लक्षात काय ठेवायचं? फक्त गुण. एक आकडा, काम झालं. गामिनीत बाहेर किती गेले ते मोजलं की पुरे. कोण आधी गेला, कोण नंतर, याने काही फरक पडत नाही, कारण मधून कोणी परत येणारच नाहीये. संजीवनीत मात्र माणूस परत येतो. आणि तो परत येतो म्हटल्यावर लगेच प्रश्न उभा राहतो, बाहेर तिघं बसलेत आणि जागा एकच आहे, तर कोण येणार?

नियम म्हणतो, ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत व्हायचं. म्हणजे शुद्ध रांग. आपल्याला दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकवली होती तीच. जो आधी गेला तो आधी आला. ताटांच्या चळतीसारखा उलटा क्रम असता, तर पहिला बाद झालेला गडी बिचारा तळाशी अडकून पडला असता.

म्हणून कबड्डीत एक गुणलेखक असतो आणि शिवाय दोन सहायक गुणलेखक, प्रत्येक संघामागे एक. गुण मांडणं हे या सहायकांचं मुख्य काम नाहीच. त्यांनी कोण कधी बाद झाला आणि कोण जिवंत झाला त्याचा क्रम ठेवायचा, आणि बाद झालेले आपापल्या जागी बसलेत ना ते बघायचं. त्यासाठी अंतिम रेषेच्या मागे दोन मीटरवर बसायची जागा आखलेली असते. पुरुषांसाठी आठ मीटर लांब, एक मीटर रुंद.

तुम्ही म्हणाल, गुणफलकावरून हिशोब काढता येईल की! नाही येत. बोनसचा गुण मिळाला तरी कोणी जिवंत होत नाही. लोण चढवला की वरचे दोन गुण मिळतात, त्यांनीही कोणी जिवंत होत नाही. उलट लोण पडलेल्या संघाचे सातही जण आत येतात. शिवाय समोर किमान सहा जण असतील तरच बोनस. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीत मैदानात तीन किंवा त्याहून कमी जण उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्त, आणि त्या जादा गुणानेही कोणी आत येत नाही. म्हणजे गुणांचा हिशोब वेगळा आणि माणसांचा वेगळा. दोन स्वतंत्र वह्या, आणि त्या एकमेकींशी सतत बोलतात.

आणि शिक्षा? तीही माणसांच्याच वहीत जाते. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. आता मजा बघा. बाद झालेला गडी आणि पिवळं कार्ड मिळालेला गडी, दोघंही बाहेरच. पण पहिला परत येणार तो सोबत्यांनी गुण आणला की, आणि दुसरा घड्याळाने सांगितलं की. डर्बीवाल्यांच्या खुर्चीत फक्त घड्याळ चालतं. आपल्याकडे दोन्ही.

इतकं सगळं मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

अकरावीत होतो. नामपूरजवळच्या एका गावात यात्रेनिमित्त सामने होते. मला खेळता यायचं नाही, पण अक्षर बरं होतं, म्हणून सरांनी वही हातात दिली. "फक्त बाद झालेल्यांचे नंबर एकाखाली एक लिही, आत गेला की काट मार." सोपं काम. फक्कीने मैदान आखलं होतं, पण बाद झालेल्यांना बसायची जागा कोणी आखली नव्हती. बाद झालेली पोरं पाण्याच्या पिंपापाशी घोळका करून उभी. उत्तरार्धात आमचे तिघं बाहेर होते. त्यातले दोघं लागोपाठच्या चढायांत गेले होते, आणि मी लिहायचं सोडून सामना बघत बसलो होतो. पुढच्या चढाईत आमच्या गड्याने एक गुण आणला. पंचांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. वहीत एकच नंबर, तोही आधीच काटलेला.

तेवढ्यात आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू, जो शेवटी बाद झाला होता, सरळ आत जाऊन उभा राहिला. मी मान डोलावली. त्याने पुढच्या दोन चढायांत तीन गुण आणले आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो. समोरच्यांच्या लक्षातच आलं नाही. गुलाल उधळला गेला.

लक्षात आलं होतं एकाच्या. आमच्याच संघातला कोपरारक्षक, बारीक चणीचा, तिघांत आधी बाद झालेला. तो सामना संपल्यावर पिंपापाशी हळूच म्हणाला, "पहिला नंबर मना व्हता ना रे?" अहिराणीत, अगदी साध्या सुरात. मी काहीच बोललो नाही. वही मिटवून सरांना नेऊन दिली.

तेव्हा मला वाटलं होतं, एक नोंद चुकली, एवढंच. आज वाटतं की ती नोंद म्हणजेच संजीवनीचा अर्धा नियम. क्रम लिहिलेला नसेल तर प्रत्येक संघ दर वेळी आपला हुकमी गडीच आधी आत घेईल, आणि तो साधा कोपरारक्षक एकदा बाद झाला की लोण पडेपर्यंत बाहेरच. नाव संजीवनी आणि खेळ गामिनी! फक्त दुबळ्यांपुरता. समोरच्या संघावरही तो अन्यायच, कारण हुकमी गड्याला रांगेत तिसऱ्या नंबरवर ठेवायची मेहनत त्यांनी केलेली असते. तो परत येण्याआधी समोरच्याने आणखी दोन जणांना जिवंत करायला लागावं, हाच तर डाव असतो.

ज्या खेळात बाद झालेला परत येतो, त्या खेळात कोणीतरी खेळ न बघता लिहीत बसावंच लागतं. ट्रॅकवरच्या त्या कागदवाल्यांकडे बघताना म्हणूनच जरा आदर वाटला. एवढा दंगा चाललाय आणि त्यातला एक जण खाली मान घालून नंबर लिहितोय.

असो. कपाट पुढच्या शनिवारी. आणि तो कोपरारक्षक अजून कुठे भेटला तर उत्तर देईन म्हणतो. हो रे, नंबर तुझाच होता.