दोन सेकंदांची मालकी : हिपहॉपमधील सॅम्पलिंगचा इतिहास

हिपहॉपचे पहिले वाद्य म्हणजे आधीच छापून विकली गेलेली तबकडी होती, हे लक्षात घेतल्याखेरीज या संगीतावरून पुढे अमेरिकेच्या न्यायालयांत झालेल्या भांडणांचा उलगडा होत नाही. जमैकात जन्मलेले क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, बहिणीने भरवलेल्या नाचाच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या, आणि तोच दिवस हिपहॉपचा जन्मदिवस मानला जातो. गाण्यातील सूर थांबून केवळ ड्रम आणि तालवाद्ये उरतात, त्या ‘ब्रेक’ नावाच्या तुकड्यावर नाचणारे अधिक खुलतात हे हर्क यांनी हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवायच्या आणि एकीवरचा ब्रेक संपताच दुसरीवर तोच सुरू करायचा, अशी रीत त्यांनी रूढ केली. ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी तबकडीवर रंगीत खडूने खूण करून ब्रेकची जागा डोळ्यांना दिसेल अशी सोय केली, आणि काही सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ अखंड चालू लागला.

हे सारे वस्तीतल्या कार्यक्रमांपुरते चालले होते तोवर मालकीचा प्रश्न कोणी काढला नाही. तो प्रथम उभा राहिला तो १९७९ मध्ये, शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्यामुळे. त्यात ‘शिक’ या वाद्यवृंदाच्या ‘गुड टाइम्स’ची चाल स्टुडिओतील वादकांकडून नव्याने वाजवून घेतली होती. मूळ रचनाकार नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्‌स यांनी दाव्याचा इशारा देताच गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावे घालावी लागली. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे : शब्द व चाल यांवरचा हक्क वेगळा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा. चाल पुन्हा वाजवली तर पहिल्याच हक्काचा प्रश्न येतो. तबकडीवरचा आवाजच उचलला तर दोन्ही हक्कधारकांची परवानगी लागते.

आवाज असा थेट उचलून नव्या गाण्यात बसवण्याला सॅम्पलिंग म्हणतात, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रांनी ते स्वस्त व सुलभ केले. ई-म्यू कंपनीचे १९८७ मध्ये आलेले एसपी-१२०० हे यंत्र जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवू शके. त्यामुळे मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या गतीने वाजवून तो आवाज यंत्रात भरायचा आणि मग आतल्या आत संथ करायचा, अशी काटकसर निर्माते करीत, आणि या काटकसरीतून उमटलेला खरखरीत पोत हीच त्या काळच्या गाण्यांची ओळख ठरली. पब्लिक एनिमीने १९८८ मध्ये आणि डी ला सोलने १९८९ मध्ये काढलेल्या अल्बमांत कित्येक जुन्या तबकड्यांचे तुकडे एकमेकांवर रचलेले आढळतात. डी ला सोलवर ‘द टर्टल्स’ या जुन्या वाद्यवृंदाच्या सदस्यांनी दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला.

निर्णायक निकाल १७ डिसेंबर १९९१ रोजी लागला. बिझ मार्की यांनी गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या १९७२ च्या गाण्याचा तुकडा वापरला होता. परवानगी मागूनही ती हाती येण्यापूर्वीच अल्बम बाजारात आल्याने न्यायाधीश केव्हिन डफी यांनी चोरी करू नये या बायबलमधील आज्ञेनेच निकालपत्र सुरू केले आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडे धाडले. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी आगाऊ परवाना घेणे हा उद्योगाचा शिरस्ता झाला, आणि डझनावारी तुकडे रचून गाणे बांधणे मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांनाही परवडेनासे झाले. विडंबनाला सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये टू लाइव्ह क्रूच्या खटल्यात काहीसा मोकळा वाव दिला. पण २००५ मध्ये सहाव्या विभागीय अपील न्यायालयाने फंकाडेलिकच्या गाण्यातील दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यालाही परवाना हवा असे ठरवले. त्या खटल्याच्या मुळाशी हक्कधारक कंपन्यांनी सुमारे ८०० प्रतिवादींवर घातलेले जवळजवळ ५०० दावे होते. मॅडोना यांच्या ‘व्होग’मधील पाव सेकंदाहून लहान तुकड्यावरून नवव्या विभागीय न्यायालयाने २०१६ मध्ये नेमका उलट कौल दिल्याने हा प्रश्न आजही प्रदेशागणिक वेगळा सुटतो.

या सर्व वादांत एका बाजूला चोरी आणि दुसऱ्या बाजूला सर्जनशीलता अशी मांडणी झाली खरी, परंतु ज्यांच्या हातून ते ठेके निघाले ते दोन्ही बाजूंना क्वचितच दिसतात. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मधील शेकडो वेळा उचलला गेलेला ठेका क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवला होता, रचनाकार म्हणून नाव ब्राउन यांचे असल्याने परवान्यांच्या पैशांवर स्टबलफील्ड यांचा हक्कच नव्हता. ‘आमेन, ब्रदर’मधील सहा सेकंदांचा ठेका हजारो गाण्यांत वाजला, पण तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये विपन्नावस्थेत वारले.

हीच स्थिती मुंबईच्या चित्रपटसंगीतापर्यंत पोहोचलेली दिसते. ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याचा मोठा अंश २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्‌स यांच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये परवानगीविना वापरला गेला, तेव्हा सारेगामा कंपनीने ५० कोटी डॉलरांचा दावा लावला, आणि लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज अल्बम विकण्यास मनाई केली, पुढे मात्र चालीचे हक्क निर्मात्यामार्फत कंपनीकडे गेलेले असल्याने लाहिरी यांचा मालकीचा दावा टिकला नाही. ‘आराधना’तील रफी-लता यांच्या युगुलगीताचा सुमारे एका सेकंदाचा तुकडा टिंबालँड यांनी द गेम यांच्या गाण्यात वापरल्याबद्दल सारेगामाने दुसरा दावा केला, तो २०११ मध्ये अपिलात फेटाळला गेला, कारण १९६७ च्या करारान्वये ध्वनिमुद्रणावरचा कंपनीचा हक्क दोनच वर्षांचा होता. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाईंनी १९६० च्या दशकातच आग्रह धरला होता आणि त्यावरून रफी यांच्याशी त्यांचा अबोलाही झाला होता. तरी या दोन्ही खटल्यांत त्यांच्या गळ्याचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

म्हणून सॅम्पलिंगचा इतिहास हा केवळ उसनवारीचा इतिहास ठरत नाही. कायद्याने उसनवारीवर भाडे बसवले, परंतु ते कोणाला द्यायचे हे वाद्य वा गळा पाहून ठरले नाही. ते तुकडा उचलला जाण्यापूर्वीच, मूळ गाण्याच्या करारावर कोणाची सही झाली यावरून ठरून गेलेले होते. भारतात कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा करारानेही काढून घेता येऊ नये अशी तरतूद केली. ब्रॉन्क्समध्ये सुरू झालेल्या भांडणाचे खरे उत्तर तुकड्याच्या लांबीपेक्षा अशा तरतुदींत अधिक आहे.